माप आतलं की बाहेरचं?

"ताई, माप आतलं की बाहेरचं?" खोकेवाल्यांनी फोनवर विचारलं होतं, आणि मी घाईघाईत म्हणाले, "नेहमी देता तसं द्या." त्या एका वाक्याचे शंभर खोके माझ्या पलंगाखाली येऊन पडले. आता त्यातले किती उरलेत ते पुढे येईलच.

मी मातीचे मग, वाडगे, फुलदाण्या करते. भट्टी लहान, हात दोनच, आणि विकलं जाणारं बहुतेक सगळं कुरिअरने जातं. त्यामुळे माझा अर्धा धंदा मातीचा आणि अर्धा पुठ्ठ्याचा. माती कशी मळायची ते मला शिकवणारं कुणीतरी होतं. पुठ्ठ्याचं कुणी शिकवत नाही. खोके विकत घ्यायचेत म्हटलं की समोरचा आधी हसतो, मग "किती खोके?" असं विचारून परत हसतो. विनोद जुना झाला, पण माझा प्रश्न खराखुरा असतो.

त्या ऑर्डरच्या वेळी माझा हिशेब साधा होता. वस्तू नाजूक, तेव्हा खोका दणकट हवा. म्हणून तीन प्लाय (म्हणजे कागदाचे तीन थर) नको, पाच प्लाय द्या म्हणाले, आणि मगांच्या जोडीसाठी २० × २० × १५ सेंटीमीटर असं माप दिलं. माझ्या डोक्यात ते आतलं माप होतं. खोके आले ते बाहेरून २० × २० × १५.

माझ्या त्या पाच प्लायच्या पुठ्ठ्याची जाडी साडेसहा मिलिमीटर भरली. समोरासमोरच्या दोन भिंती धरा, लांबीतून १.३ सेंटीमीटर गेले, रुंदीतूनही तेवढेच. उंचीला तर दुप्पट फटका, कारण वर दोन पाळ्या, म्हणजे दुमडून खोका बंद करायच्या झडपा, एकीवर एक येतात आणि खालीही तशाच दोन, म्हणजे पुठ्ठ्याचे चार थर. २.६ सेंटीमीटर गुल. आतली उंची उरली १२.४ आणि माझा मग १० सेंटीमीटर उंच. वर-खाली मिळून जेमतेम अडीच सेंटीमीटर जागा. माझ्या हिशेबात ती पाच होती.

चूक माझीच, परत कुठल्या तोंडाने करणार? कोंबले मग. दोन मग शेजारी शेजारी, प्रत्येकाला बबल रॅपचा एकेक वेढा, दोघांचे कान एकमेकांना खेटून. खोका हलवून पाहिला तर आवाज येईना. मला वाटलं, वा, किती घट्ट बसलंय.

चार दिवसांनी गिऱ्हाईक बाईंनी फोटो पाठवले. पहिला फोटो खोक्याचा होता आणि तो अगदी नवाकोरा दिसत होता. एक कोपरासुद्धा चेपलेला नाही. दुसऱ्या फोटोत दोन्ही मगांचे कान तुटलेले, आणि एकाला काठापासून बुडापर्यंत तडा.

तो पहिला फोटो मी कितीतरी वेळा पाहिला. खोका चेपलेला असता तर कुरिअरवाल्याला शिव्या घालून मोकळी झाले असते. पण खोक्याने स्वतःला छान जपलं होतं आणि बसलेला धक्का जसाच्या तसा आत पोचवला होता. आत धक्का जिरवायला काही नव्हतंच. मग मगावर, कान कानावर, आणि दोघं मिळून भिंतीवर.

रागारागात एक खोका कटरने उभा चिरला. आजवर हजारो खोके हाताळले असतील, पण पुठ्ठ्याची कड डोळ्यांजवळ नेऊन पाहिली नव्हती. दोन सरळ कागदांच्या मध्ये एक नागमोडी कागद, त्याच्या प्रत्येक लाटेचं शिखर वरच्या किंवा खालच्या कागदाला चिकटवलेलं. सरळ कागदाला लायनर म्हणतात, लाटांना फ्लूट. दोन लायनर आणि एक फ्लूट झालं की तीन प्लाय. तीन लायनर, दोन फ्लूट की पाच. सात प्लायही मिळतो, यंत्रांसाठी वगैरे. त्याच्याशी माझी गाठ पडलेली नाही.

फ्लूटला इंग्रजी अक्षरांची नावं आहेत, आणि त्यात मी परत फसले. ए म्हणजे सगळ्यात बारीक असेल आणि पुढे जाडी वाढत जाईल असं मी गृहीत धरलं होतं. पण अक्षरांचा आकाराशी संबंध नाही. ए सगळ्यात मोठा, साधारण ५ मिलिमीटर. सी ४ च्या आसपास, बी ३, आणि ई जेमतेम दीड. उंच लाट गादीसारखी दबते. बारीक लाटेचा पुठ्ठा टणक लागतो, त्यावर छपाई स्वच्छ उमटते आणि घडी नेटकी पडते. दोन बोटांत धरून दाबलं की फरक लगेच कळतो. सी सावकाश दबतो, ई दबतच नाही आणि मग एकदम मोडतो.

या लाटांचा इतिहास वाचला तेव्हा थोडी खजील झाले. नागमोडी कागदाचं पहिलं पेटंट १८५६ सालचं, इंग्लंडमधलं, आणि ते उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी होतं. डोक्याला हवा लागावी, टोपीचा आकार टिकावा म्हणून. पुढे १८७१ साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने असाच कागद बाटल्या आणि कंदिलाच्या काचा गुंडाळायला वापरायचं पेटंट घेतलं. म्हणजे लाटांचा कागद खोक्याची भिंत होण्याच्या आधी काचेभोवतीची गादी होता. मी नेमकं उलट केलं होतं. गादीची भिंत केली आणि गादी ठेवलीच नाही.

खोका कापून, घड्या पाडून सपाट विकायची युक्तीही अपघाताने सापडली म्हणतात. रॉबर्ट गेअर हा ब्रुकलिनमधला छपाईवाला बियाण्यांच्या पिशव्या छापत होता, घडी पाडायची धातूची पट्टी सरकली आणि पिशव्या घडी पडायच्याऐवजी कापल्या गेल्या. एकाच दाबात कापणं आणि घडी पाडणं जमेल हे त्याच्या लक्षात आलं. आपण शंभर खोके पलंगाखाली सरकवू शकतो ते या माणसामुळे.

असो. खरी भानगड पुढे सुरू झाली. आत जागा हवी हे कळलं, म्हणून पुढच्या वेळी सढळ हाताने मोठे खोके घेतले. एका मगासाठी आतून २० × २० × २०, तीन प्लाय, चारी बाजूंनी पाच-पाच सेंटीमीटर गादी. पॅकिंगवाले पाच सेंटीमीटरच सांगतात. एकही मग फुटला नाही. आणि कुरिअरचं बिल पाहून मीच फुटले.

कुरिअरवाले वजन दोन प्रकारे काढतात. एक काट्यावरचं. दुसरं आकारमानाचं: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. (काही ठिकाणी ६००० ने भागतात, करार करण्याआधी हे विचारून घ्यायचं.) दोन्हींत जे जास्त त्यावर आकारणी. आणि मापं बाहेरची. माझा खोका बाहेरून २०.८ × २०.८ × २१.६ होता. भागाकार केला तर १.८७ किलो, आणि पुढच्या अर्ध्या किलोला ओढलं की दोन. आतला मग ४०० ग्रॅमचा! दीड किलोहून जास्त तर मी हवाच पाठवत होते. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

तेव्हापासून खोका निवडताना मी एवढंच बघते, की आत हवा किती हवी आणि किती परवडेल. कमी हवा म्हणजे तुटलेले कान, जास्त हवा म्हणजे फुगलेलं बिल. यांच्या मधलं माप कुठल्या तक्त्यात सापडत नाही, कारण ते आपापल्या वस्तूप्रमाणे असतं. ते शोधायला वस्तू फोडावीच लागते.

मी फोडली. रंग बिघडलेले पाच मग बाजूला होते, ते बळी दिले. पार्सलच्या चाचणीची एक ठरलेली पद्धत आहे. साडेनऊ किलोच्या आतल्या खोक्याला ७६ सेंटीमीटरवरून दहा वेळा टाकायचं. एकदा कोपऱ्यावर, मग त्याच कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर, मग सहाही बाजूंवर. ७६ सेंटीमीटर म्हणजे माझ्या कामाच्या टेबलाची उंची. जमिनीवर काही अंथरायचं नाही. खोका टेबलाच्या काठाबाहेर दोन्ही हातांत तिरका धरायचा, कोपरा बरोबर खाली आणायचा, आणि सोडायचा. सोडताना हात ऐकत नाहीत. चार दिवस खपून केलेली वस्तू स्वतःच्या हाताने टाकायची म्हणजे बोटं आपोआप आवळतात. तिसऱ्या प्रयत्नाला सोडला.

पहिला मग कोपऱ्याला वाचला, पहिल्या कडेला वाचला, दुसऱ्या कडेला आतून बारीक टक् असा आवाज आला. उघडून पाहिलं तर कान मुळापासून निघालेला. दुसऱ्या मगाला बबल रॅप वाढवला. तोही कानावरच गेला. दोन्ही वेळा अंग शाबूत, कान तुटला. तेव्हा लक्षात आलं की मी अख्ख्या मगाभोवती सारखी गादी देत होते, आणि मग काही सगळीकडून सारखा नव्हता. त्याला एक कान होता, तीन सेंटीमीटर बाहेर आलेला, आणि तो थेट भिंतीकडे तोंड करून बसला होता.

मग मग फिरवला. (हे वाक्य मराठीतच लिहिता येतं.) चौरस खोक्यात कान भिंतीकडे न ठेवता कोपऱ्याकडे ठेवला. मगाचं अंग ९ सेंटीमीटर व्यासाचं, खोका आतून १५ × १५. कान भिंतीकडे असेल तर त्याचं टोक मध्यापासून साडेसात सेंटीमीटरवर जातं, म्हणजे बरोब्बर भिंतीला टेकतं. तोच कोपऱ्याकडे वळवला तर दोन्ही भिंतींपासून दोन सेंटीमीटरहून जास्त अंतर राहतं. खोका तोच, मग तोच, आणि जागा फुकटात मिळाली. कानाच्या भोकात कागदाची गुंडाळी घट्ट भरली, कानाला वेगळी पट्टी गुंडाळली आणि मगच बबल रॅप चढवला. दहाही वेळा टाकला. तिसरा मग अजून माझ्याकडे आहे, ब्रश ठेवायला वापरते.

आतून १५ × १५ × १६ हे माझं एका मगाचं माप ठरलं. बाहेरून १५.८ × १५.८ × १७.६, आकारमानाने ०.८८ किलो, आकारणी एका किलोची. आधीच्या निम्मी. जोडीसाठी मध्ये पुठ्ठ्याचा उभा पडदा घालते. दोन मगांमध्ये पडदा नसेल तर एक मग दुसऱ्याचा हातोडा होतो.

याच भानगडीत आणखी एक कळलं, जे मला कुणी सांगायला हवं होतं. नेहमीच्या खोक्याच्या पाळ्या सगळ्या सारख्याच लांबीच्या असतात, खोक्याच्या रुंदीच्या निम्म्या. त्यामुळे बाहेरच्या दोन पाळ्या मध्यावर भेटतात. पण आतल्या दोन खोका चौरस असेल तरच भेटतात. खोका लांबट असेल तर त्यांच्यामध्ये फट राहते, आणि त्या फटीत तळाला पुठ्ठ्याचा एकच थर उरतो. जड वस्तू लांबट खोक्यात मधोमध ठेवली की ती नेमकी या नाजूक जागी बसते. बाहेरून काही कळत नाही. आता लांबट खोका घेतला की तळाला पुठ्ठ्याचा एक तुकडा टाकते. माप देताना क्रमही हाच: तोंडाची लांब बाजू म्हणजे लांबी, तोंडाची आखूड बाजू म्हणजे रुंदी, आणि खोली शेवटी. क्रम चुकला की तोंड भलत्याच बाजूला येतं.

कागदाच्या दर्जाबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण खोकेवाले फोनवर आकडे भराभरा टाकतात आणि आपण हो हो करतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. बीएफ म्हणजे त्या वजनाच्या मानाने कागद फाटायला किती जोर लागतो ते. दोन्हींचा गुणाकार भागिले १००० केला की किलो प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये फाटण्याची ताकद मिळते. १५० जीएसएम आणि १८ बीएफ म्हणजे २.७. तोच १५० जीएसएम २४ बीएफचा असेल तर ३.६. म्हणजे नुसता "जाड कागद आहे" या सांगण्याला फारसा अर्थ नाही. जाड आणि भुसभुशीत कागद मी पाहिलाय, नखाने उकरला तर लोकरीसारखा निघतो.

पण फाटण्याची ताकद हा एकच आकडा नाही. दुसरा आहे कडेवर उभं राहण्याच्या ताकदीचा, ईसीटी. पुठ्ठ्याचा छोटा तुकडा उभा धरून वरून दाबायचा आणि तो कधी कोलमडतो ते मोजायचं. अमेरिकेत बऱ्याच खोक्यांच्या तळाच्या पाळीवर एक गोल शिक्का असतो, त्यावर ३२ ईसीटी असं लिहिलेलं दिसतं, म्हणजे कडेच्या दर इंचाला ३२ पौंड. एकट्याने प्रवास करणाऱ्या, ढकलल्या-टोचल्या जाणाऱ्या खोक्याला पहिली ताकद लागते. थप्पीत महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या खोक्याला दुसरी. माझ्या मगांची काळजी पहिल्या प्रकारची होती. दुसऱ्या प्रकारची आई-बाबांचं घर आवरताना समोर आली.

आई-बाबांची पुस्तकं, कागदपत्रं, भांडी, फोटो असं सगळं वर्षभरासाठी एका खोलीत ठेवायचं होतं. दादा बांधकामातला माणूस. त्याने एकाच दिवसात पंचवीस मोठाले खोके आणले आणि पुस्तकं भरायला घेतली. मी म्हणाले, "दादा, पुस्तकांना लहान खोके घे." तो म्हणाला, "तू मग पाठव." तिसरा खोका उचलताना दोघांना मिळूनही तो हलेना. तीस सेंटीमीटरच्या चौकोनी खोक्यात पुस्तकं भरली तरी पंधरा ते वीस किलो सहज होतात, आणि दादाचे खोके त्याच्या तिप्पट होते. सगळे उपसले. त्याची लेक मधल्या मध्ये रिकाम्या खोक्यात शिरून बसली आणि बाहेर यायला तयार होईना. तिला तरी कसं रागावणार? २००५ साली पुठ्ठ्याच्या खोक्याला अमेरिकेतल्या खेळण्यांच्या हॉल ऑफ फेममध्ये मानाने जागा मिळालीय.

खरी गंमत थप्प्यांची झाली. दादाने खोके विटांसारखे रचले. प्रत्येक थरात सांधा मोडून, वरचा खोका खालच्या दोघांवर अर्धा अर्धा. आयुष्यभर भिंती बांधणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? दिसायलाही भक्कम दिसत होतं. दोन महिन्यांनी कुलूप उघडलं तेव्हा खालून दुसरा थर पोटात वाकला होता आणि अख्खी भिंत पुढे झुकली होती.

वीट भरीव असते, खोका पोकळ. खोक्यात वरचा भार मुख्यतः चार कोपरे पेलतात. भिंतीचा मधला भाग थोडा भार आला की बाहेर फुगतो आणि अंग काढून घेतो. एकावर एक, कोपऱ्यावर कोपरा ठेवला तर भार खांबातून उतरावा तसा सरळ खाली जातो. विटांसारखं रचलं तर वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या फुगणाऱ्या पोटावर येतो, आणि ताकद जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. दादाला हे मी "कॉलमवर कॉलम" एवढंच सांगितलं. लगेच पटलं.

मोठा खोका जास्त भार पेलेल हाही भ्रमच. १९६३ साली मॅकी आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी खोक्याच्या ताकदीचं एक सूत्र मांडलं, ते अजून वापरात आहे. त्यात ताकद घेराच्या वर्गमुळाने वाढते. म्हणजे तोच पुठ्ठा घेऊन खोक्याची लांबी-रुंदी दुप्पट केली तर आत चौपट माल मावतो, पण पेलण्याची ताकद १.४ पटच होते. माल चौपट आणि ताकद दीडपटही नाही. त्यामुळे साठवणीसाठी लहान आणि सगळे एकाच मापाचे खोके घ्यावेत, आणि ते काठोकाठ भरावेत. अर्धा भरलेला खोका वरच्याला नुसता पुठ्ठ्यावर तोलतो. वर जागा उरली तर जुन्या चादरी कोंबाव्यात. हाताच्या पकडीला भोकं असलेले खोके मला आवडतात, पण थप्पीत सगळ्यात वरच ठेवते. भोक म्हणजे भिंतीतली खिडकी.

आणि ओल. पुठ्ठा कागदच, हवेतलं पाणी पितो. दमट हवेत, म्हणजे आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास गेली की खोक्याची ताकद निम्म्याच्या घरात येते, आणि तो वरून कोरडाच दिसतो. आमच्या थप्पीचा सगळ्यात खालचा थर थेट फरशीवर होता, त्याचे तळ हाताला गार आणि मऊ लागले. आता खाली लाकडी फळ्या आहेत, भिंतीपासून वीतभर अंतर आहे. लाटा चिकटवायचा गोंद बहुधा स्टार्चचा असतो, झुरळांना आणि कसरीला तो आवडतो, म्हणून कोपऱ्यांवर लक्ष ठेवावं लागतं. फोटो मात्र मी साध्या पुठ्ठ्यात ठेवलेच नाहीत. साध्या पुठ्ठ्यातल्या आम्लाने कागद पिवळा पडतो. फोटोंसाठी आम्लरहित खोके मिळतात, महाग असतात, पण आईच्या लग्नाच्या फोटोंना दुसरी प्रत नाही.

खोक्यावर आत काय आहे ते बाजूवर लिहायचं, तेही दोन बाजूंवर. दादाने सगळं झाकणावर लिहिलं होतं. थप्पी लागल्यावर एकही अक्षर दिसत नव्हतं.

खरेदीची माझी आताची रीत सांगते. आधी सपाट नमुना मागवते, एकच. उभा करते, पट्टीने आतून मोजते, जो मग पाठवायचा तो आत ठेवून बघते. मग त्याची एक पाळी कापून कडेला पाहते, लाटा सरळ आहेत की आधीच चेपलेल्या. लाटा उभ्या, खोक्याच्या उंचीच्या दिशेने आहेत का, तेही बघते. आडव्या लाटांचा खोका वरून दाबला की पटकन बसतो. घडीवर लायनर तडकलाय का ते नखाने चाचपते. एवढं झालं की ऑर्डर, आणि तीही दोन महिन्यांच्या गरजेपुरती. घाऊक घेतले तर स्वस्त पडतात हे खरं, पण सपाट खोकेसुद्धा जागा खातात, ओल पितात आणि उभे ठेवले तर वाकडे होतात. पलंगाखालचा माझा अनुभव बोलतोय. नाव छापून घ्यायचा मोह होतो, पण त्यासाठी ब्लॉक करावा लागतो आणि माप बदललं की तो वाया. मी रबरी शिक्का मारते.

जुने खोके परत वापरायला माझी ना नाही, साठवणीला तर बिनधास्त. पाठवायला वापरले तर मात्र जुनं लेबल पूर्ण खरवडून काढायचं. एकदा एका कोपऱ्यात जुना बारकोड राहिला आणि माझी फुलदाणी गिऱ्हाइकाकडे न जाता तो खोका मूळ जिथून आला होता तिथे परत गेली. स्कॅनरला जो बारकोड आधी दिसला त्याचं त्याने ऐकलं. "नाजूक" असं लाल अक्षरात लिहिण्यावरही माझा विश्वास राहिलेला नाही. लिहिते, पण पॅकिंग असं करते की ते कुणी वाचणारच नाही.

टेपचं फार बोलण्यासारखं नाही. मधली शिवण आणि दोन्ही कडा, इंग्रजी एच काढावा तशी. जुन्या कागदाच्या लगद्यापासून केलेल्या भुरभुरीत पुठ्ठ्यावर प्लास्टिकची टेप नीट धरत नाही, तिथे पाणी लावून चिकटवायची कागदी टेप लावते. ती उपटली तर पुठ्ठ्याची सालही बरोबर येते.

आणि ते शंभर खोके. गेल्या महिन्यात एकीने मोठा वाडगा मागवला, १५ सेंटीमीटर व्यासाचा, ९ उंच. अशा जड वस्तूला खोक्यात खोका लागतो, आतला घट्ट आणि दणकट, बाहेरचा मऊ, आणि दोघांच्या मध्ये चहूबाजूंनी पाच सेंटीमीटर गादी. आतल्या खोक्यासाठी मी कागदावर मापं काढत बसले होते. १८.७ × १८.७ × १२.४ असेल तर छान, असं लिहिलं आणि ते आकडे कुठेतरी पाहिलेत असं वाटलं. उठून पलंगाखालून एक ओढून काढला. धूळ झटकली, उभा केला, वाडगा ठेवला. असा बसला की जणू त्याच्यासाठीच करवून घेतला होता.

टेबलावरून दहा वेळा टाकला. वाडगा जसाच्या तसा. आता वाडगे जास्त करायला घेतलेत. एक्याऐंशी खोके उरलेत.